फेच मारलं तरी मेन जागची हलत नाही, त्याचं काय?

प्रश्न असा आहे: "आजवर मी रोज सकाळी नुसतं गिट पुल मारायचे. नव्या टीममधले सीनियर म्हणाले, पुल नको, आधी गिट फेच --ऑल --प्रून मारत जा. मारलं. भराभर ओळी आल्या, पण माझी मेन होती तिथेच. काही ब्रांचेस गायब झाल्या, आणि सर्व्हरवरून कधीच्या काढलेल्या दोन-तीन मात्र माझ्याकडे अजून दिसतात. मदतीचं पान उघडलं तर ऑप्शन्सची रांग संपेना. यातले खरोखर कोणते लागतात? आणि कशाने काही बिघडू शकतं का?"

नवख्यांसाठी आधी दोन ओळी: गिट कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं, अशी एक नोंद म्हणजे कमिट, कमिट्सची एक फांदी म्हणजे ब्रांच (मेन ही मुख्य), आणि प्रोजेक्टचा सगळा साठा म्हणजे रेपो. तो पहिल्यांदा उतरवून घेणं म्हणजे क्लोन, एक ब्रांच दुसरीत मिसळणं म्हणजे मर्ज, आणि पुल म्हणजे फेच व त्यापाठोपाठ मर्ज. कमांड्स मी इथे उच्चारतो तशा देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या, हे वेगळं सांगायला नको.

तुमची मेन हलली नाही, ते बरोबरच झालं. फेचने ती हलवली असती तर मी काळजी केली असती. गोंधळ होतो तो एकाच नावाच्या तीन गोष्टींमुळे. एक मेन सर्व्हरवर आहे. एक मेन तुमच्या मशीनवर आहे, तिच्यावर तुम्ही काम करता. आणि तिसरी ओरिजिन/मेन (ओरिजिन म्हणजे ज्या सर्व्हरवरून क्लोन केलं त्याचं नाव). ही तिसरी तुमच्याच मशीनवर असते, पण तुमची नसते. एसटी स्टँडवरच्या फळ्यावरून गाडीची वेळ आपण चिठ्ठीवर उतरवून आणतो ना, तशी ती चिठ्ठी आहे: शेवटचं विचारलं तेव्हा सर्व्हरवरची मेन अमुक कमिटवर होती. नंतर फळा बदलला तरी खिशातली चिठ्ठी आपोआप बदलत नाही. फेच म्हणजे पुन्हा स्टँडवर जाऊन फळा वाचणं आणि चिठ्ठी दुरुस्त करणं. गाडीत बसायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं.

चिठ्ठी दुरुस्त करण्याआधी फेच आणखी एक काम करतं. तुमच्याकडे नसलेल्या कमिट्स, फाइल्स, फोल्डरच्या नोंदी असा सगळा माल सर्व्हरवरून आणून डॉट-गिट फोल्डरच्या पोटात ठेवतं. म्हणजे कामं दोनच: माल आणणं आणि चिठ्ठ्या लिहिणं. फेचचा कुठलाही ऑप्शन समोर आला की मी एकच विचारतो, हा मालाबद्दल आहे की चिठ्ठ्यांबद्दल? प्रून चिठ्ठ्यांबद्दल. डेप्थ मालाबद्दल. टॅग्ज (कमिटला दिलेली कायमची नावं) चिठ्ठ्यांबद्दल. फिल्टर मालाबद्दल. ती लांबलचक रांग मग बरीच आटोपशीर दिसते.

आता त्या भराभर आलेल्या ओळी. बहुतेक जण त्या वाचतच नाहीत, आणि खरी बातमी तिथेच असते. समजा हे आलं:

  ४१७९२०३..८८३०१५६ मेन -> ओरिजिन/मेन
+ ५५०१३७७...९०२४६१८ बिलिंग -> ओरिजिन/बिलिंग, फोर्स्ड अपडेट

पहिल्या ओळीत दोन टिंबं आहेत आणि सुरुवातीला कुठलंही चिन्ह नाही. मेन सरळ पुढे गेली, जुन्यावर नवीन चढलं, एवढाच अर्थ. दुसऱ्या ओळीत सुरुवातीला अधिकचं चिन्ह आहे आणि मध्ये तीन टिंबं. बिलिंग ब्रांचवर कुणीतरी रिबेस करून (कमिट्स नव्या पायावर पुन्हा रचून) फोर्स पुश केलं आहे (सर्व्हरवर जबरदस्तीने चढवलं आहे), तिचा इतिहास मागे जाऊन नव्याने लिहिला गेला आहे. तुमचं काम जुन्या बिलिंगवर उभं असेल तर चहाला जायच्या आधी त्या माणसाशी बोला. ओळीच्या सुरुवातीला तारा असला तर नवी ब्रांच किंवा नवा टॅग, वजाचं चिन्ह असलं तर चिठ्ठी फाडली, उद्गारचिन्ह असलं तर गिटने नकार दिला. नुसतं गिट पुल मारलं की या ओळींच्या पाठोपाठ मर्जचा गोंगाट येतो आणि त्या वर सरकून जातात. तुमचे सीनियर फेच वेगळं मारायला का सांगतात, त्याचं अर्धं कारण हेच असावं.

फेच झाल्यावर काय आलं ते बघायचं असं:

गिट लॉग --वनलाइन मेन..ओरिजिन/मेन

आणि पटलं तर, मेनवर असताना:

गिट मर्ज --एफएफ-ओन्ली ओरिजिन/मेन

तुमच्या मेनवर चुकून एखादी कमिट पडली असेल तर हे मर्ज सरळ नकार देतं, आणि तेच हवं असतं. पुलबद्दल गिटवाल्यांनाही उशिरा का होईना हे पटलं. २०२० मध्ये आलेल्या २.२७ पासून, मर्ज की रिबेस ते सांगितलेलं नसेल तर पुल मारल्यावर इशारा यायला लागला. २०२१ च्या २.३३ पासून दोन्हीकडच्या ब्रांचेस फाटल्या असतील तर पुल थांबतंच: आधी ठरव, मग पुढे जा. त्याआधी कित्येक वर्षं ते गुपचूप मर्ज कमिट घालून मोकळं व्हायचं, आणि जुन्या प्रोजेक्टच्या लॉगमध्ये 'मर्ज ब्रांच अमुक ऑफ' ने सुरू होणाऱ्या ज्या शेकडो ओळी दिसतात त्या बहुतांश त्यातूनच आलेल्या आहेत.

--ऑलचं नाव फसवं आहे. त्याचा अर्थ सगळ्या ब्रांचेस असा नाही, सगळे रिमोट, म्हणजे तुमच्या रेपोला जोडलेले सगळे सर्व्हरवरचे रेपो, असा आहे. ओरिजिनच्या सगळ्या ब्रांचेस साधं गिट फेचही आणतं, कारण क्लोन करताना कॉन्फिग फाइलमध्ये ही ओळ लिहिली जाते:

फेच = +रेफ्स/हेड्स/*:रेफ्स/रिमोट्स/ओरिजिन/*

डावीकडे सर्व्हरवरच्या ब्रांचेस, उजवीकडे तुमच्याकडच्या चिठ्ठ्या, तारा म्हणजे सगळ्या. सुरुवातीचं अधिकचं चिन्ह म्हणजे ब्रांच सरळ पुढे गेली नसेल तरी चिठ्ठी बदल. गिट रिमोट -व्ही मारून बघा. एकट्या ओरिजिनचंच नाव दिसलं तर तुमच्यासाठी --ऑल असून नसून सारखंच. फोर्क करून, म्हणजे सर्व्हरवर स्वतःची वेगळी प्रत काढून, काम करणाऱ्यांकडे ओरिजिन (आपली प्रत) आणि अपस्ट्रीम (मूळ रेपो) असे दोन तरी रिमोट असतात, तिथे ते उपयोगी पडतं. रिमोट चार-पाच असतील तर --जॉब्स ४ देऊन समांतर फेच करता येतं. एखादा रिमोट मेलेला असेल, म्हणजे नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा फोर्क वगैरे, तर --ऑल दर वेळी त्याच्यापाशी अडखळतं. त्याच्या कॉन्फिगमध्ये स्किप-फेच-ऑल (मधल्या रेघांशिवाय) ट्रू करा, नाहीतर तो रिमोट काढूनच टाका.

प्रूनमुळे जे गायब झालं ते चिठ्ठ्या होत्या. सर्व्हरवर ब्रांच उरली नाही म्हणून तिची चिठ्ठी फाडली, इतकंच. जे अजून दिसतंय त्या तुमच्या स्वतःच्या ब्रांचेस आहेत, कधीतरी चेकआउट केलेल्या, म्हणजे कामासाठी उघडलेल्या. प्रून त्यांना हात लावत नाही. त्या ओळखायला:

गिट ब्रांच -व्हीव्ही

जिच्यापुढे 'गॉन' लिहून येईल तिची सर्व्हरवरची जोडीदार गेली. मग गिट ब्रांच -डी ने, छोट्या डीने, एकेक काढा. टीममध्ये स्क्वॉश मर्जची पद्धत असेल तर छोटी डी "मर्ज झालेली नाही" म्हणून अडून बसेल, कारण तुमच्या कमिट्स जशाच्या तशा मेनमध्ये गेलेल्याच नसतात, त्यांची एक नवी कमिट झालेली असते. तेव्हा मोठी डी लागते. फक्त ती वापरण्याआधी मेनमध्ये ते काम खरंच आलंय का ते डोळ्यांनी बघा. 'गॉन' शोधून सगळं एका फटक्यात उडवणाऱ्या ओळी इंटरनेटवर भरपूर मिळतात. मी त्या वापरत नाही. महिन्यातून एकदा पाच मिनिटं हाताने साफसफाई केली तर काय बिघडतं?

प्रूनने काम बुडू शकतं का? एका परिस्थितीत, हो. सहकाऱ्याची ब्रांच तुम्ही कधी चेकआउट केलेली नाही, फक्त ओरिजिन/अमुक म्हणून अधूनमधून बघत होता. त्याने सर्व्हरवरून ती काढली, तुम्ही प्रून केलं. त्या कमिट्सकडे बोट दाखवणारी तुमच्याकडची शेवटची चिठ्ठी गेली, आणि चिठ्ठीबरोबर तिचा रेफलॉगही (ती कधी कुठे होती याची नोंदवही) गेला. माल लगेच जात नाही. गिटची झाडलोट साधारणपणे दोन आठवड्यांपेक्षा जुना बेवारस माल काढते. पण तो शोधायचा तर गिट एफएससीके मारून ढिगातून उकरावा लागतो. म्हणून दुसऱ्याच्या ब्रांचमधलं काही हवंसं वाटलं तर वेळेवर आपली ब्रांच काढून ठेवावी.

एवढं असूनही मी प्रून कायमचं चालू ठेवतो:

गिट कॉन्फिग --ग्लोबल फेच.प्रून ट्रू

यामागे नीटनेटकेपणापेक्षा ठोस कारण आहे. समजा 'पेमेंट' नावाची ब्रांच होती, ती काढली, आणि मग कुणी 'पेमेंट/यूपीआय' अशी ब्रांच बनवली. नेहमीच्या मांडणीत गिट चिठ्ठ्या फाइल म्हणून ठेवतं. तुमच्याकडे 'पेमेंट' नावाची फाइल अजून पडलेली आहे आणि आता त्याच नावाचं फोल्डर हवंय. दोन्ही एकाच जागी कसं मावणार? फेच "कॅनॉट लॉक रेफ" म्हणून रडतं, आणि नवीन आलेला पोरगा लॅपटॉप घेऊन तुमच्या टेबलाशी उभा राहतो. प्रून चालू असेल तर गिट आधी जुनी चिठ्ठी फाडतं, मग नवी लिहितं, आणि भांडण होतच नाही.

--प्रून-टॅग्ज मात्र कॉन्फिगमध्ये घालू नका. नाव तसंच, वागणं वेगळं. ब्रांचच्या चिठ्ठ्या ओरिजिनच्या नावाखाली वेगळ्या राहतात, पण टॅग्जना असं वेगळं दालन नाही. तुमचे आणि सर्व्हरचे टॅग एकाच रेफ्स/टॅग्जमध्ये नांदतात. म्हणून प्रून-टॅग्ज सर्व्हरवर नसलेला प्रत्येक टॅग उडवतं, त्यात तुम्ही स्वतःसाठी मारलेला आणि पुश न केलेला टॅगही आला. दोन रिमोट असतील तर आणखी मजा: एकाशी प्रून केलं की दुसऱ्याचे टॅग जातात.

टॅगचाच विषय निघालाय तर आणखी थोडं. साधं फेच फक्त येणाऱ्या मालावर बोट ठेवणारे टॅग आपोआप आणतं. सगळेच हवे असतील तर --टॅग्ज, मुळीच नको असतील तर --नो-टॅग्ज. इथवर सोपं आहे. गडबड होते ती कुणी टॅग हलवला की. आमच्याकडे एकदा रिलीजचा टॅग मारल्यावर तासाभराने एक चूक सापडली. रिलीज करणाऱ्याने ती दुरुस्त केली आणि तोच टॅग नव्या कमिटवर ठेवून फोर्स पुश केला, कुणाला न सांगता. पुढचे दोन दिवस एकाच टॅगवरून बिल्ड करणाऱ्या दोघांच्या फाइल्स जुळेनात. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. आपोआप येणारे टॅग फक्त नवे असले तरच येतात, आधीपासून असलेला टॅग साधं फेच बदलत नाही. २०१८ च्या अखेरीस आलेल्या २.२० पासून --टॅग्ज दिलं तरी गिट असा हललेला टॅग नाकारतं, "वुड क्लॉबर एग्झिस्टिंग टॅग" म्हणतं, आणि नवा हवाच असेल तर --फोर्स द्यावं लागतं. त्याआधी --टॅग्ज न विचारता जुन्यावर नवा लिहायचं. हा संदेश दिसला की फोर्स मारून पुढे जाऊ नका. टॅग कुणी आणि का हलवला ते आधी विचारा, कारण बाहेर पडलेला टॅग हलवणं म्हणजे छापून वाटलेल्या पत्रिकेवरची तारीख गुपचूप बदलणं.

आता माल. कमी माल आणायचे दोन रस्ते आहेत, आणि लोक सर्रास पहिला घेतात जिथे दुसरा हवा असतो.

पहिला रस्ता डेप्थचा. --डेप्थ १ म्हणजे प्रत्येक ब्रांचच्या टोकाची एकच कमिट आण, मागचा इतिहास नको. बिल्ड सर्व्हरवर हे बहुतेक वेळा आपोआपच होतं. गिटहब ॲक्शन्सची चेकआउट पायरी मुळात एकच कमिट आणते. एका जुन्या नोकरीत आमचा आवृत्ती क्रमांक गिट डिस्क्राइबमधून निघायचा, म्हणजे शेवटचा टॅग आणि त्यानंतरच्या कमिट्सची संख्या. बिल्ड नव्या यंत्रणेवर हलवलं आणि पहिल्याच दिवशी "नो नेम्स फाउंड, कॅनॉट डिस्क्राइब एनीथिंग". एका कमिटच्या इतिहासात टॅग सापडणार कुठून? कुणीतरी डेप्थ ५० केलं. बिल्ड हिरवं झालं, सगळे खूश. मग एक मोठं काम आलं, रिलीज लांबलं, शेवटच्या टॅगनंतर पन्नासच्या वर कमिट्स झाल्या, आणि एका शुक्रवारी संध्याकाळी तोच संदेश परत. त्या दिवशी डेप्थ २०० करावं असं म्हणणारेही होते. अंदाजाने आकडा वाढवत नेण्यापेक्षा पूर्ण इतिहास आणावा:

गिट फेच --अनशॅलो --टॅग्ज

स्क्रिप्टमध्ये घालताना एक बघा: रेपो आधीच पूर्ण असेल तर --अनशॅलो चूक म्हणून थांबतं, "पूर्ण रेपोवर याला अर्थ नाही" अशा आशयाचं काहीतरी बोलतं, आणि स्क्रिप्ट तिथेच पडते. गिट रेव्ह-पार्स --इज-शॅलो-रिपॉझिटरी विचारून मगच मारायचं.

डेप्थ देऊन क्लोन केलं की एक गोष्ट न सांगता होते. तो क्लोन एकाच ब्रांचचा होतो. वर दाखवलेल्या कॉन्फिगच्या ओळीत तारा नसतो, नुसतं मेन असतं. महिनाभराने तुम्ही अनशॅलो करता, इतिहास पूर्ण येतो, तरी सहकाऱ्याची ब्रांच काही दिसत नाही. फेच, फेच --ऑल, काहीही करा. उपाय असा:

गिट रिमोट सेट-ब्रांचेस ओरिजिन '*'

आणि मग साधं गिट फेच. "माझ्याकडे ब्रांच येतच नाही" ही तक्रार घेऊन कुणी आलं की मी सर्वांत आधी कॉन्फिगमधली तीच ओळ उघडतो.

याच्या उलट अपघातही होतो. पूर्ण रेपोमध्ये कुणी 'वेगाने होईल' म्हणून गिट फेच --डेप्थ १ मारलं तर चांगला भरलेला इतिहास तिथल्या तिथे कापला जातो, लॉगमध्ये एकच कमिट उरते. घाबरू नका, --अनशॅलोने तो परत येतो. पण तोवर मर्ज करायला गेलात तर दोन ब्रांचेसचा समान पूर्वज सापडत नाही आणि "अनरिलेटेड हिस्टरीज" म्हणून नकार मिळतो.

--डीपन आणि --डेप्थ यांत फरक आहे. डेप्थ टोकापासून मोजतं, डीपन आत्ता जिथे इतिहास कापलेला आहे तिथून मागे मोजतं. मला डीपनची खरी किंमत गणपतीत गावी गेल्यावर कळली. मोबाइलचं नेट, तेही अंगणात विहिरीजवळ उभं राहिलं तर, आणि मोठा रेपो नव्याने क्लोन करायचा होता. क्लोन किंवा फेच मध्येच तुटलं तर गिट अर्धवट आलेला माल ठेवत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तीनदा निम्म्यावर तुटलं. मग --डेप्थ १ ने क्लोन केलं, ते एका दमात झालं. त्यानंतर गिट फेच --डीपन ३०० परत परत. प्रत्येक टप्पा पुरा झाला की तो पक्का, पुढचा तुटला तर तेवढाच वाया. आरती होईपर्यंत दोन वर्षांचा इतिहास मशीनवर होता. तारखेने कापायचं असेल तर --शॅलो-सिन्स आहे, पण तुटक नेटवर मला डीपनच बरं वाटतं.

दुसरा रस्ता फिल्टरचा, आणि माणसाच्या रोजच्या कामासाठी तोच चांगला:

गिट क्लोन --फिल्टर=ब्लॉब:नन

यात कमिट्स सगळ्या येतात, फोल्डरची रचना येते, फक्त जुन्या फाइल्सचा मजकूर येत नाही. लागेल तेव्हा गिट तो सर्व्हरवरून मागवून घेतं. इतिहास पूर्ण असल्यामुळे लॉग, मर्ज, डिस्क्राइब सगळं ठीक चालतं. पुढची फेचेसही तोच फिल्टर लक्षात ठेवतात. सर्व्हरने ही सोय द्यावी लागते, गिटहब आणि गिटलॅबवर ती आहे. खोड एकच: गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी लिहिली) किंवा जुन्या कमिटचा डिफ (काय बदललं) बघायला नेट लागतं. कोकण रेल्वेच्या बोगद्यात मी एकदा ब्लेम मारून बसलो होतो, बोगदा संपेपर्यंत नुसता कर्सर लुकलुकत होता.

--ड्राय-रनबद्दल एक गैरसमज. लोकांना वाटतं यात काही डाउनलोड होत नाही. होतं. माल येतो, फक्त चिठ्ठ्या लिहिल्या जात नाहीत. नेट वाचवायचं असेल तर गिट एलएस-रिमोट ओरिजिन मारा. ते फळा वाचून दाखवतं आणि काहीही आणत नाही.

रोज उपयोगी पडणारी एक युक्ती, तुम्ही फीचर ब्रांचवर असताना स्वतःची मेन अद्ययावत करायची:

गिट फेच ओरिजिन मेन:मेन

म्हणजे सर्व्हरची मेन थेट तुमच्या मेनवर लिही. सरळ पुढे जात असेल तरच लिहिलं जातं. ब्रांच बदलायला नको, अर्धवट काम स्टॅशमध्ये कोंबायला नको. तुम्ही मेनवरच उभ्या असाल तर गिट नकार देतं, कारण पायाखालची सतरंजी ओढल्यासारखं होईल. --अपडेट-हेड-ओके नावाचा ऑप्शन तो नकार मोडून काढतो. तो गिटच्या स्वतःच्या अंतर्गत वापरासाठी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. याच पद्धतीने कुणाची पुल रिक्वेस्ट तपासायला आणता येते: गिटहबवर गिट फेच ओरिजिन पुल/१२३/हेड:तपासणी, आणि गिटलॅबवर पुलच्या जागी मर्ज-रिक्वेस्ट्स. कुणाचा फोर्क रिमोट म्हणून जोडत बसायची गरज नाही.

जुनी उत्तरं वाचताना तारखा बघत जा. "गिट फेच ओरिजिन मेन मारलं तर ओरिजिन/मेन बदलत नाही" हे २०१३ मधल्या १.८.४ च्या आधी खरं होतं, आता नाही. आज तसं उत्तर वाचून कुणी स्क्रिप्टमध्ये दोनदा फेच घालतं.

स्क्रिप्टसाठी --ॲटॉमिक आहे, सगळ्या चिठ्ठ्या बदला नाहीतर एकही नको, आणि २.४१ पासून --पोर्सिलेन, ज्याने ओळी यंत्राला वाचता येतील अशा येतात. सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेला दुसरा रेपो) असतील तर गरजेपुरतं फेच गिट आपणहून करतं. त्यावर आणखी बोलण्यासारखं मला काही सापडत नाही, सबमॉड्यूल हे दुखणंच वेगळं.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, कशाने बिघडू शकतं का. फेचने फाइल बिघडत नाही. पण न वाचलेल्या फेचने दुसऱ्याचं काम गेलेलं मी बघितलंय, तेही सगळे नियम पाळणाऱ्या माणसाकडून. दोघं एकाच ब्रांचवर होते. त्यातला एक रिबेस करून नेहमी --फोर्स-विथ-लीजने पुश करायचा, साध्या फोर्सने कधीच नाही. लीजचा सौदा असा असतो: सर्व्हरवरची ब्रांच माझ्या चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणेच असेल तर माझं वर चढव, कुणी मध्ये काही पुश केलं असेल तर थांब. त्याच्या एडिटरमध्ये दर काही मिनिटांनी मागच्या मागे फेच चालू होतं. दुपारी सहकाऱ्याने दोन कमिट्स पुश केल्या. एडिटरने मुकाट फेच केलं, चिठ्ठी दुरुस्त झाली, आणि त्याने ती बघितलीच नाही. संध्याकाळी रिबेस, लीजसह पुश. लीजने तपासलं, चिठ्ठी आणि सर्व्हर तंतोतंत जुळतात, जाऊ दे. दोन कमिट्स सर्व्हरवरून पुसल्या गेल्या.

त्या मिळाल्या, कारण चिठ्ठीचाही रेफलॉग असतो. गिट रेफलॉग ओरिजिन/ब्रांचचं-नाव मारलं की चिठ्ठी कधी कुठे होती ते ओळीने दिसतं; एक पायरी मागची नोंद धरून नवी ब्रांच काढली आणि काम परत आणलं. पण ते कळायला दुसरा दिवस उजाडला, आणि तोवर दोघांत बोलाचाली होऊन गेली होती.

यावर औषध २०२० च्या अखेरीस आलेल्या २.३० मध्ये आहे, --फोर्स-इफ-इन्क्लूड्स. लीजच्या जोडीने दिलं की गिट आणखी एक गोष्ट तपासतं: चिठ्ठीत जी कमिट आहे ती तुमच्या ब्रांचमध्ये कधीतरी आलेली होती का, की नुसतीच चिठ्ठीत येऊन पडली? दर वेळी टाइप करायला नको म्हणून:

गिट कॉन्फिग --ग्लोबल पुश.यूज-फोर्स-इफ-इन्क्लूड्स ट्रू

प्रत्यक्ष की लिहिताना मधल्या रेघा नाहीत, सगळं सलग. एडिटरचं आपोआप फेच मी बंद करतो. मोठ्या रेपोत माल आधीच येऊन पडलेला हवा असेल तर गिट मेंटेनन्स स्टार्ट करून ठेवा. तेही तासातासाने मागून फेच करतं, पण चिठ्ठ्या रेफ्स/प्रीफेच नावाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवतं आणि तुमच्या ओरिजिन/मेनला हात लावत नाही. सकाळी तुम्ही स्वतः फेच मारता तेव्हा माल घरात आलेलाच असतो, चटकन होतं, आणि ओळी तुमच्या डोळ्यांसमोर येतात.

तुमच्या मशीनवर आज एवढंच करा: फेच.प्रून ट्रू, पुल.एफएफ ओन्ली (ब्रांच सरळ पुढे जात असेल तरच पुल), आणि वरची इफ-इन्क्लूड्सची ओळ. मग सकाळी नुसतं गिट फेच पुरे, --ऑल दुसरा रिमोट जोडाल त्या दिवशी. आणि त्या गॉन ब्रांचेसपैकी एखादी काढताना छोटी डी अडली तर आधी गिट लॉग मेन..त्या-ब्रांचचं-नाव मारून बघा, आत तुमचंच काही विसरलेलं काम असू शकतं. माझ्याकडे एकदा अख्खी टेस्ट फाइल निघाली होती.